बन्सी त्रिभुवन यांनी दान परत मागितलं

माणसाकडे खुर्च्या किती असाव्यात, याचा बन्सी त्रिभुवन यांनी आयुष्यात दोनदा मनापासून विचार केला. एकदा मंडपाचा धंदा सुरू केला तेव्हा आणि दुसऱ्यांदा तो बंद केला तेव्हा. पहिल्या वेळी उत्तर आलं, मिळतील तितक्या. दुसऱ्या वेळी उत्तर आलं, एक. पाहुणा आला तर तो खुर्चीवर बसेल, बन्सीभाऊ खाली चटईवर. आणि दोन पाहुणे आले तर? तर तेही चटईवर येतील, त्यात काय एवढं, असं बन्सीभाऊंचं म्हणणं. यावर छावणी भागातले त्यांचे शेजारी कौतुकानं मान डोलवायची आणि त्यांची सून सोनिया कपाळावर हात मारून घ्यायची.

बिडकीनजवळच्या खेड्यातून ते शहरात आले ते एका मंडपवाल्याकडे बांबू उचलायला. अंगात रग होती, बोलायला गोड होते. बघता बघता स्वतःचा धंदा उभा केला आणि पाटीवर नाव घातलं, मार्था मंडप डेकोरेटर्स. मार्था म्हणजे त्यांची बायको. ती नुसती पाटीवर नव्हती. कमानी, पडदे, नवरानवरीचे ते राजेशाही सोफे बन्सीभाऊंकडे, तर भांडी मार्थाबाईंकडे. तांब्याच्या मोठमोठ्या देगी, पराती, झारे. चितेगावापासून सिल्लोडपर्यंत कुणाच्याही घरचं लग्न असो, मटणाचा नान-खलिया शिजो की वरणभात, तो बहुतेक मार्थाबाईंच्या देगीत शिजायचा. त्या देगी घासायला त्यांच्या हाताखाली बायांचा एक ताफा होता. पंगती उठल्या की मार्थाबाई आधी या बायांना जेवायला बसवायच्या आणि मगच भांड्यांना हात लावू द्यायच्या. यजमान कितीही घाई करो, त्यांचं हे ठरलेलं होतं.

मार्थाबाई आजारी पडल्या आणि गेल्या. शेवटच्या दिवसांत त्यांना चमचाभर पाण्यापलीकडे काही नको होतं. त्या गेल्यावर बन्सीभाऊंनी त्यांचं कपाट उघडलं, तर घडीही न मोडलेल्या साड्यांची चळत. एवढं सगळं कशासाठी गोळा केलं आपण? हा प्रश्न त्यांच्या डोक्यात जो शिरला तो निघेना. त्यातच उपवासकाळात चर्चमध्ये बाहेरून एक उपदेशक आले. प्रभूला डोकं टेकायला जागा नव्हती, आणि आपण त्याच्या नावानं प्रार्थना करून घरी जातो ते कुलपं नीट लागलीत का बघायला, असं काहीसं ते बोलले. बाकीच्यांनी ऐकलं, घरी जाऊन मटण खाल्लं. बन्सीभाऊंनी मात्र ते मनावर घेतलं. त्यांचा स्वभावच मंडपवाल्याचा होता. एकदा खांब रोवला की तो हलायचा नाही.

सोफे, कमानी, पडदे, खुर्च्या सगळं सिल्लोडच्या एका व्यापाऱ्याला विकलं. आलेला पैसा मुलींच्या एका वसतिगृहाला दिला. देगी आणि भांडी मात्र विकवेनात. ती त्यांनी मंडळीला, म्हणजे आपल्या चर्चला, भेट दिली. गरिबाघरच्या लग्नाला भाड्याचा भुर्दंड नको, ज्याला लागतील त्यानं फुकट न्याव्यात. प्रत्येक देगीवर मार्थाबाईंचं नाव घातलेलं होतं. त्या रविवारी मंडळी उभी राहून टाळ्या वाजवत होती. तरुण पाळकसाहेब सत्यम रणपिसे तर सगळ्यांत शेवटी थांबले. नंदनवन कॉलनीतलं घर मुलाला, अतुलला, सोपवून बन्सीभाऊ छावणीतल्या एका खोलीत राहायला आले. बाज, चटई, स्टोव्ह, ताट-वाटी, अंगावर एक आणि दोरीवर एक असे कपडे, सायकल, आणि ती खुर्ची.

आता खरं सांगायचं तर बन्सीभाऊंना या गरिबीची थोडी हौसच लागली होती. शेजारणीनं उशी दिली, ती परत. सोनियानं मिक्सर पाठवला, तो परत. तिनं स्वतः विणलेला स्वेटर दिला, तो तिसऱ्या दिवशी समोरच्या गुरख्याच्या अंगावर दिसला. तो बघून सोनिया रडली होती. हे त्यांना कुणी सांगितलं नाही आणि त्यांनीही विचारलं नाही. संध्याकाळी खोलीत बसून ते नजर फिरवायचे, अजून काय कमी करता येईल? पाळकसाहेब प्रवचनात नाव न घेता त्यांचं उदाहरण द्यायचे, आणि नाव न घेतल्यामुळे सगळे हमखास वळून त्यांच्याकडे बघायचे. तेव्हा बन्सीभाऊ नम्रपणे खाली बघायचे. तेवढं सुख त्यांनी ठेवून घेतलं होतं.

दिवाळीनंतर कापणीचा सण आला. या दिवशी मंडळीतली माणसं आपापल्या शेतातलं, परसातलं पहिलं पीक चर्चमध्ये आणतात. ज्वारी, मका, भोपळे, अंडी, एखादी कोंबडी. वेदीपुढे रास लागते, आशीर्वाद होतो, मग बाहेर अंगणात लिलाव. एकच भोपळा चारचारदा विकला जातो, कारण घेणारा तो पुन्हा देवाला म्हणून परत लिलावात टाकतो, आणि हशा पिकतो. पण लिलावाच्या आधी राशीतून धान्याच्या काही पिशव्या बाजूला काढायची इथली पद्धत आहे. मंडळीतल्या गरजू घरांसाठी. सेक्रेटरी नाव पुकारतो, त्या घरचं माणूस पुढं येतं आणि पिशवी घेऊन जातं. पिशव्या ठरलेल्या, घरंही बहुतेक ठरलेली.

त्या वर्षी सेक्रेटरी प्रणय खंडागळे यांनी शेवटचं नाव पुकारलं, "बन्सी त्रिभुवन."

तिसऱ्या बाकावर अतुल आणि सोनिया बसले होते. अतुलनं मान खाली घातली, सोनियाचा चेहरा लालबुंद झाला. बन्सीभाऊ क्षणभर गोंधळले. नाही म्हणावं? पण नाही म्हणणं म्हणजे गर्वच की. मी घेणाऱ्यातला नाही, देणाऱ्यातला आहे, असं म्हटल्यासारखं होईल. हा विचार सुचल्यावर त्यांना स्वतःचंच कौतुक वाटलं. ते उठले, पुढं गेले, पिशवी खांद्यावर घेतली आणि सगळ्यांच्या देखत मधल्या वाटेनं चालत बाहेर आले. शेवटच्या बाकाजवळ एक बाई अर्धवट उठून उभी होती, ती पुन्हा खाली बसली. त्यांना ते दिसलं, पण कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सोनिया, ती शिकवायची त्या शाळेतून परस्पर खोलीवर आली. खुर्चीवर बसली नाही, चटईवरही बसली नाही.

"पप्पा, आता तुमचं समाधान झालं का?"

"काय झालं, सोनिया?"

"सगळ्या मंडळीसमोर तुम्ही धान्याची पिशवी घेतलीत. लोक काय समजले असतील? अतुलनं बापाला घराबाहेर काढलं, सून दोन घास घालत नाही. कमिटीला तसं वाटलं म्हणूनच नाव घेतलं ना तुमचं? शाळेत मला एका बाईंनी विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना म्हणून."

"मी सांगतो त्यांना, की..."

"कुणाकुणाला सांगाल? आणि ते राहू द्या. ती पिशवी कुणाची होती माहीत आहे?"

बन्सीभाऊंना माहीत नव्हतं.

"कडूबाईची. दोन वर्षं तिचं नाव शेवटी पुकारतात. ती उठलीसुद्धा होती काल. मम्मींच्या हाताखाली आयुष्यभर भांडी घासली हो तिनं. आणि तिच्या तोंडातला घास तुम्ही खांद्यावर टाकून घेऊन गेलात." एवढं बोलून ती निघून गेली.

पिशवी सायकलच्या कॅरिअरला बांधून बन्सीभाऊ तडक निघाले. कडूबाईची खोली फार लांब नव्हतीच, दोन गल्ल्या सोडून. इतक्या दिवसांत ते कधी तिकडे गेले नव्हते, हेही त्यांना सायकल लावताना जाणवलं.

कडूबाई दारात बसून गुडघ्याला तेल चोळत होती. त्यांना बघून तिनं पदर सावरला, पण उठली नाही.

"या भाऊ. दाणं घिऊन आला व्हय?"

"ही तुमची पिशवी आहे, कडूबाई. कमिटीची चूक झाली."

"चूक कमिटीची नाय. बसा."

ते उंबऱ्यावर बसले. कडूबाईनं तेलाची वाटी बाजूला ठेवली.

"तुमी गरीब झाला, लोकांनी टाळ्या वाजिवल्या. आमी गरीब झालो, ते कुणाला दिसलं बी नाय."

"म्हणजे?"

"म्हंजी काय! देगी तुमी चर्चला दिल्या. फुकट. फुकटच्या भांड्याला घासणारी पैसं दिऊन कोण लावतंय? घरच्याच पोरी घासत्यात, नायतर तसंच खरकटं आणून ठिवत्यात. बाई व्हती तवर आमाला हर लगनाचं काम व्हतं. तुमी एका दिसात समदं वाटून टाकलं आन् मोकळं झाला. आमचं काय? साळूबाई सिल्लोडला लेकीकडं गेली, जावयाच्या दारात. बाकीच्या कुठं कुठं गेल्या. मी रोज सकाळी मजूर अड्ड्यावर उभी ऱ्हाते. मुकादम माझं गुडघं बघतो आन् फुडं जातो."

बन्सीभाऊ म्हणाले, "मला का नाही सांगितलं?"

"सांगणार कवा? तुमी देवाशी बोलत व्हता."

ती हे चिडून बोलली नाही. साधं सांगितलं. त्यामुळे ते जास्तच लागलं.

"तुमची गरिबी म्हंजी तुमचा उपास हाय, भाऊ. कवा बी सोडा, सुनंनं ताट वाढून ठिवलंय. आमी जेवायला बसलोच नाय तर सोडायचं काय?" मग ती भिंतीला धरून उठली, त्यांनी उतरवलेली पिशवी स्वतः उचलली आणि पुन्हा कॅरिअरवर ठेवली. "ही घिऊन जा. दाणं काय, संपत्यात. मला काम पायजे."

पिशवी त्यांनी पाळकसाहेबांच्या हवाली केली. सायकल हातात धरून चर्चच्या अंगणात ते बराच वेळ उभे राहिले. आयुष्यात त्यांच्या मंडपाचा एक खांब कधी कलला नव्हता. आणि इथं त्यांनी परमेश्वराच्या नावानं जे उभं केलं, ते सरळ बायांच्या अंगावर पडलं होतं. मार्थानं ज्यांना आपल्या आधी जेवू घातलं त्यांची त्यांना आठवणसुद्धा झाली नव्हती. त्यांना स्वतःची लाज वाटली, सपशेल लाज. आणि बन्सीभाऊंचं एक होतं, लाज वाटली की ते रडत बसायचे नाहीत, कामाला लागायचे.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कमरोद्दीनभाईंना बोलावून आणलं. कमरोद्दीन म्हणजे सिटी चौकाकडचा कलईवाला. मार्थाबाईंच्या देगींना वर्षानुवर्षं त्यानंच कलई केलेली. दोघांनी चर्चची कोठी उघडली. देगी एकीत एक घालून कोपऱ्यात ढकललेल्या होत्या. आतली कलई गेली होती, तांब्यावर हिरवा थर चढला होता, एका देगीच्या तळाला वाळलेला भात तसाच होता.

"या अल्ला!" कमरोद्दीननं देगीत हात फिरवला आणि बोट वर करून दाखवलं. "बन्सीभाई, इसमें अब पकाना नक्को. जहर है ये. क्या हाल कर दिए! भाभी होती तो मेरेकू गाली देती."

"कलई होईल का?"

"हौ, होती ना. देगां अच्छे हैं. पन ये बताओ, मालिक कौन? आज मैं कलई करूँ, कल फिर कोई ऐसाइच डाल के जाएगा. मैं किसका नाम लेके गाली देऊँ, वोइच समज में नईं आ रा."

बन्सीभाऊ देगीतल्या वाळलेल्या भाताकडे बघत होते. मालक कोण, हा प्रश्न त्यांनी स्वतःपुरता सोडवला होता. मी मालक नाही, की झालं. पण आपण हात झटकले की वस्तूचं पुढं काय होतं, आणि त्या वस्तूवर ज्यांची चूल पेटते त्यांचं काय होतं, हे बघायला ते मागं थांबलेच नव्हते.

"कडूबाई," ते म्हणाले. "कडूबाई आणि तिच्या बाया मालकीण."

कमरोद्दीन हसला. "तो फिर गाली देने की हिम्मत मेरी नईं. वोइच मेरेकू देगी."

एवढं ठरलं, पण देगी आता बन्सीभाऊंच्या होत्या कुठं? ते कमिटीकडे गेले. प्रणय खंडागळे बँकेत नोकरीला, नियमाला पक्के. त्यांनी चष्मा पुसत सांगितलं की मंडळीला दिलेली भेट कुणा एका बाईला देता येत नाही. उद्या कुणीही उठेल आणि बाक मागेल, पंखा मागेल. एकच वाट होती. भेट देणारा स्वतः अडचणीत आला आणि रविवारच्या भक्तीत, म्हणजे सामूहिक प्रार्थनेत, सगळ्यांसमोर उभं राहून त्यानं मागितलं, तर मंडळी हात वर करून वस्तू परत देऊ शकते. जुन्या लोकांनी हे करून ठेवलं होतं, पण आजवर कुणी मागितलं नव्हतं.

"म्हणजे मी उभं राहून सांगायचं, की मी अडचणीत आहे, मला परत द्या?"

"हो. मग पुढं तुम्ही कुणाला द्यायचं ते तुमचं."

पाळकसाहेब शेजारीच बसले होते. त्यांची अवस्था बघवत नव्हती. "बन्सीभाऊ, नीट विचार करा. तुमच्या साक्षीचं, मंडळीपुढच्या आदर्शाचं काय होईल? लोक म्हणतील, दिलेलं परत घेतलं. मार्थाबाईंचं नाव आहे हो त्या देगींवर. मी तर प्रवचनात तुमचं उदाहरण देतो."

"आता दुसरं शोधा, पाळकसाहेब," बन्सीभाऊ म्हणाले.

बोलून तर गेले, पण खरं काम पुढंच होतं. पैसाअडका सोडणं त्यांना सोपं गेलं होतं, कारण सोडताना नाव मिळत होतं. आता ते नावच सोडायचं होतं. ज्या मंडळीनं उभं राहून टाळ्या वाजवल्या तिच्यासमोर हात पसरायचा होता, आणि तोही दान परत घेण्यासाठी. याहून हलकं काम मराठवाड्यात दुसरं नसेल. तरी तेवढ्यावर भागत असतं तर त्यांनी रविवारी उभं राहून मागून टाकलं असतं. आपण अडचणीत आहोत असं ते बोलले की शेण अतुल आणि सोनियाच्या तोंडात जाणार होतं. लोकांच्या मनात जे होतं, त्यावर बाप स्वतः शिक्का मारणार होता.

आधीचे बन्सीभाऊ असते तर म्हणाले असते, परमेश्वराच्या कामात सून काय म्हणते ते कशाला बघायचं? पण उंबऱ्यावर बसून कडूबाईचं ऐकलेला माणूस तसं म्हणू शकत नव्हता. शनिवारी संध्याकाळी ते नंदनवन कॉलनीत गेले. धंदा सोडल्यापासून पहिल्यांदाच न बोलावता गेले.

अतुल चितेगावच्या कंपनीतून यायचा होता. सोनिया स्वयंपाकघरात होती. तिनं चहा टाकला आणि त्यांनी सगळं सांगितलं. कडूबाई, साळूबाई, देगी, कमिटीची अट, सगळं. सोनिया पाठमोरी उभी राहून ऐकत होती.

"म्हणजे कालपरवा पिशवी घेतलीत, ती कमी होती. आता उभं राहून सांगणार?"

"म्हणून तर विचारायला आलो."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"तर नाही मागणार. दुसरं काही शोधीन. कडूबाईसोबत अड्ड्यावर उभा राहीन. पण तिचं काम तिला परत मिळवून देणार, ते मी सोडणार नाही." त्यांनी चहाचा कप जवळ ओढला. "माझी गरिबी मी एकदा न विचारता त्या बायांच्या गळ्यात घातली. तुझ्या गळ्यात नाही घालायची."

सोनिया वळली. तिचे डोळे भरले होते.

"पप्पा, तुम्ही आत्ता पहिल्यांदा मला काही विचारलं. मम्मी गेल्या, आणि चाळीस दिवस व्हायच्या आत तुम्ही सामान विकायला काढलंत. घर सोडलंत. मला एका शब्दानं विचारलं नाही. मला वाटायचं, मम्मींसोबत आम्हीही तुम्हाला नकोसे झालो. जे जे कमी करायचं त्यात आम्हीही. माझा स्वेटर तुम्ही देऊन टाकलात, तो थंडीसाठी नव्हता हो दिला मी."

बन्सीभाऊंनी कप बाजूला सारला. मग म्हणाले, "चुकलं माझं. लई चुकलं, पोरी." शहरात इतकी वर्षं काढली तरी बोलणं मनातून आलं की ते बिडकीनच्या बोलीतच यायचं.

"मागा उद्या," सोनिया म्हणाली. "लोकांना जे म्हणायचं ते म्हणू द्या. मी अतुलला सांगते."

ते निघाले तेव्हा तिनं डब्यात भाजी-भाकरी बांधून दिली. बन्सीभाऊंनी तो घेतला. त्यांना तो नको होता, तरी घेतला.

रविवारी चर्च भरलेलं होतं. बातमी आधीच फुटली होती, त्यामुळे एरवी उशिरा येणारेही वेळेवर आले होते. भक्ती संपत आली तेव्हा प्रणय खंडागळे उठले आणि म्हणाले, बन्सी त्रिभुवन यांना मंडळीपुढे एक विनंती करायची आहे.

बन्सीभाऊ पुढं गेले. समोर सगळी ओळखीची तोंडं. यातल्या निम्म्या लोकांच्या लग्नाचे मंडप त्यांनी घातले होते.

"मी मंडळीला देगी आणि भांडी दिली होती," ते म्हणाले. "ती मला परत पाहिजेत. मी अडचणीत आहे."

कुजबूज सुरू झाली. मधल्या बाकावरून कुणीतरी मोठ्यानं म्हणालं, "झालं का संतपण पुरं?" दोघंचौघं हसले. एक म्हातारा उठून म्हणाला, "अरे, बायकोच्या नावानं दिलेलं परत घेतोस? मार्थाला काय वाटेल?"

"तिला बरं वाटेल, काका," बन्सीभाऊ म्हणाले.

पुन्हा हशा. बन्सीभाऊंचे कान तापले, पण ते जागचे हलले नाहीत. प्रणय खंडागळे यांनी हात वर करून शांत केलं आणि नियमाप्रमाणे विचारलं, "अडचण काय आहे, ती मंडळीला सांगावी."

त्याची तयारी बन्सीभाऊंनी केली नव्हती. त्यांनी शेवटच्या बाकाकडे बघितलं. कडूबाई बसली होती, आणि तिच्या शेजारी साळूबाई. बन्सीभाऊंचा बेत कळल्यावर कडूबाईनं तिला सिल्लोडहून बोलावून घेतलेलं दिसत होतं. दोघी टक लावून त्यांच्याकडे बघत होत्या.

"माझ्याकडे सगळं होतं तेव्हा या बाया माझ्या बरोबर होत्या," ते म्हणाले. आवाज शेवटच्या बाकापर्यंत जाईल इतका मोठा होता. "मी सगळं सोडलं, तेव्हा त्यांनाही सोडलं. सामानासारखं. मला वाटलं, मी प्रभूसारखं राहतोय. पण तो एकटा राहिला नाही कधी, त्याच्या बरोबर माणसं असायची. आणि मी माझ्या खोलीत बसून वाट्या मोजत होतो. तुम्ही मला परवा पिशवी दिली. मी खरंच भिकारी झालोय, ते तुम्हाला बरोबर दिसलं. मला या बायांची गरज आहे. देगी त्यांच्या होतील. त्यांनी ठेवलं तर मी त्यांच्या हाताखाली काम करीन. अतुलनं आणि सोनियानं मला काही कमी केलेलं नाही. जे कमी केलं ते मीच केलं."

आता कुणी हसलं नाही. पण हातही कुणी वर केला नाही. माणसं एकमेकांकडे बघत होती. दान परत द्यायचं म्हणजे काय, आणि उद्या हे कुठं जाईल, असे विचार चेहऱ्यांवर दिसत होते. मग तिसऱ्या बाकावर सोनिया उठून उभी राहिली आणि तिनं हात वर केला. अतुल बसूनच होता. त्यानं एकदा बायकोकडे, एकदा बापाकडे बघितलं, आणि तोही उठला. त्यानंतर इकडून एक, तिकडून एक असे हात वर आले. सगळे आले नाहीत. मघाचा म्हातारा तर हाताची घडी घालून बसला. पण पुरेसे आले.

भक्ती सुटल्यावर माणसं अंगणात घोळका करून बोलत राहिली. बन्सीभाऊ कोठीकडे गेले. कडूबाई त्यांच्या आधीच तिथं पोचली होती आणि देगीत वाकून बघत होती.

"शी! काय अवदसा केली हो भांड्यांची," ती म्हणाली. "भाऊ, ती दुसरी कडी धरा. वाकून उचला, पाठ जाईल नायतर."

त्यांनी कडी धरली. घोळक्यातून वाट काढत दोघांनी ती देग फाटकाबाहेर कमरोद्दीनच्या हातगाडीपर्यंत नेली. मागून कुणीतरी काहीतरी म्हणालं. बन्सीभाऊंनी वळून बघितलं नाही, हातात ओझं होतं.

आता त्या देगी चांगल्या चालल्या आहेत. कडूबाई, साळूबाई आणि आणखी काही जणी मिळून लग्नकार्यात भांडी देतात आणि घासतात. घरोघर भाव ठरवायला कडूबाई स्वतः जाते आणि घासाघीस करणाऱ्याच्या दारातूनच परत फिरते. ज्याच्या घरी खरंच नाही त्याला ती फुकट देते, पण ते कोण, हे ती ठरवते. बन्सीभाऊ अजूनही त्याच खोलीत राहतात. कडूबाई देईल त्या मजुरीतलं लागेल तेवढं ठेवतात, बाकीचं देऊन टाकतात. बुधवारी सोनियाकडे जेवायला जातात आणि ती वाढेल तेवढं खातात. पाळकसाहेबांनी प्रवचनासाठी दुसरं कुणीतरी शोधलं आहे. मंडळीत बन्सीभाऊंना आता संत म्हणणारं कुणी उरलेलं नाही. दान परत घेतलेला माणूस म्हणून मात्र सगळे ओळखतात, आणि बाहेरून आलेल्या पाहुण्याला हळूच बोट करून दाखवतात.

परवा पदमपुऱ्यात एक लग्न होतं. पंगती उठल्यावर बाया जेवायला बसल्या. बन्सीभाऊ मात्र राख आणि घासणी घेऊन परस्पर देगीकडे वळले. कडूबाईनं तिथूनच आवाज दिला.

"भाऊ, ठिवा ते खाली. आदी जेवायचं."

"तुमचं होऊ द्या. मला एवढी भूक नाही."

"भूक हाय का नाय ते इचारलं नाय मी," कडूबाई म्हणाली. "आमच्यात बसायचं आसंल तर पंगतीला बसायचं. नायतर उद्यापून येऊ नका."

बन्सीभाऊंनी घासणी खाली ठेवली, हात धुतले आणि साळूबाईनं सरकून केलेल्या जागेत जाऊन बसले.